गोल्फच्या हिरवळीवर नीतीचा बाजार

जून २०२२ मध्ये अमेरिकेतील 'पीजीए टूर' या व्यावसायिक गोल्फ स्पर्धामालिकेचे आयुक्त जे मोनाहन यांनी दूरचित्रवाणीवरून नीतीचा पाठ दिला. सौदी अरेबियाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या 'लिव्ह गोल्फ' या नव्या मालिकेत गेलेल्या खेळाडूंना उद्देशून तो होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात बळी पडलेल्यांच्या कुटुंबीयांचा दाखला देऊन, पीजीए टूरचा सदस्य असल्याबद्दल कुणाला कधी माफी मागावी लागली आहे काय, असा सवाल त्यांनी केला. विमाने पळविणाऱ्या एकोणीस जणांपैकी पंधरा सौदी नागरिक होते. साहजिकच तो सवाल अमेरिकनांच्या अंतःकरणाला भिडला. नव्या मालिकेत खेळणारे निलंबित झाले.

वर्षही सरले नव्हते. ६ जून २०२३ रोजी हेच मोनाहन सौदी सार्वजनिक गुंतवणूक निधीचे प्रमुख यासिर अल-रुमय्यान यांच्या शेजारी बसून भागीदारीची घोषणा करताना जगाला दिसले. लोक आपल्याला ढोंगी म्हणतील, हे त्यांनीच मान्य केले. मृतांच्या कुटुंबीयांचा संताप झाला, यात नवल ते काय?

या घूमजावाने ज्यांना धक्का बसला, त्यांनी या खेळाचा अमेरिकेतील इतिहास वाचलेला नसावा. केवळ 'कॉकेशियन' वंशाच्या व्यक्तीलाच सदस्यत्व मिळेल, असे कलम 'पीजीए ऑफ अमेरिका' या संघटनेच्या नियमांत १९३४ पासून होते. ते १९६१ मध्ये गेले. पण पश्चात्तापाने नव्हे. कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांनी, हे कलम असेपर्यंत राज्यातील सार्वजनिक मैदानांवर स्पर्धा होऊ देणार नाही, असा पवित्रा घेतला. संघटनेने प्रथम काय केले? १९६२ ची अजिंक्यपद स्पर्धाच लॉस एंजेलिसमधून उचलून पेनसिल्व्हेनियात नेली! अन्य राज्यांतही दारे बंद होतील असे दिसू लागल्यावर कलम वगळले गेले. तोवर चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूच्या वयाची एकोणचाळीस वर्षे उलटली होती. पुढे त्याने १९६७ मध्ये हार्टफर्डची आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिसची स्पर्धा जिंकली. तरीही ऑगस्टा नॅशनल क्लबच्या 'मास्टर्स' स्पर्धेचे निमंत्रण त्याला कधीच आले नाही.

त्याच ऑगस्टात खेळाडूंची अवजड पिशवी वाहणारे कॅडी मात्र कृष्णवर्णीय असत, आणि १९८२ पर्यंत खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत. खांदा चालत होता, सदस्यत्व चालत नव्हते. १९९० साली अलाबामातील शोल क्रीक क्लबच्या संस्थापकाने, कृष्णवर्णीयांना सदस्य करून घेण्याची सक्ती आम्हांवर चालणार नाही, असे उघड सांगितले. तेथेच त्या वर्षीची पीजीए अजिंक्यपद स्पर्धा होती. जाहिरातदारांनी हात आखडता घेताच क्लबने एका कृष्णवर्णीय गृहस्थाला सन्माननीय सदस्य केले, आणि काही आठवड्यांत ऑगस्टानेही आपला पहिला कृष्णवर्णीय सदस्य घेतला. कोणत्याही प्रवचनाने जे साधले नाही, ते जाहिरातींच्या पैशाने साधले.

जेथे तिजोरी तुडुंब भरलेली असते, तेथे हाही इलाज चालत नाही. महिलांना सदस्यत्व द्या, ही मागणी जोर धरू लागली तेव्हा ऑगस्टाने २००३ आणि २००४ ची मास्टर्स दूरचित्रवाणीवर प्रायोजकांविनाच दाखविली. दबाव टाकायला प्रायोजकच उरले नाहीत! कोंडोलिझा राईस आणि डार्ला मूर या पहिल्या महिला सदस्या तेथे पोहोचल्या, त्या थेट २०१२ साली.

अशा परंपरेचे वारसदार २०२२ मध्ये इतरांना सदसद्विवेक शिकवायला निघाले होते. त्यांच्या शब्दावर विसंबून ज्या खेळाडूंनी सौदी पैसा नाकारला, त्यांपैकी अनेकांना त्या भागीदारीची वार्ता चारचौघांसारखी प्रसारमाध्यमांतूनच कळली.