चकलीच्या सोऱ्याचा डबा

मैत्रिणींनो, दसऱ्याच्या आधीची घराची आवराआवर म्हणजे काय व्याप असतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. यंदा मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी मिळून माळा आवरायला घेतला. वर्षातून एकदाच लागणारा चकलीचा सोऱ्या आमच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात असतो. तो डबा खाली घेतला आणि झाकण उघडलं, तर सोऱ्याच्या भोवती गच्च भरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या! एकीतलीही गोळी काढलेली नव्हती. मोजल्या, तर चाळिसाच्या वर भरल्या.

जाऊ स्टूल धरून उभी होती. खाली मान घालून म्हणाली, "वहिनी, आता तुम्ही रागवा."

पण रागवायला माझं तोंड कुठे होतं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चारचौघींदेखत मीच तिला म्हटलं होतं, "अगं, आता किती छान झालीस! त्या गोळ्या आणखी किती दिवस खाणार? वजन बघ कसं वाढलंय." बोलून मी मोकळी झाले, तिळगूळ वाटायला लागले. तिने मात्र ते मनात ठेवलं. (हे सारं लिहिण्याआधी मी तिची परवानगी घेतली आहे. "लिहा, पण नाव नको," एवढंच ती म्हणाली.)

तिला बायपोलर नावाचा आजार आहे. कधी मन अगदी खोल खचतं, तर कधी उत्साहाला इतकं उधाण येतं की झोप, पैसा, माणसं, कशाचंच भान राहात नाही. यावर तिला लिथियमच्या गोळ्या आहेत. हे औषध काही नवं नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली त्याचा उपयोग दाखवून दिला आणि आजही ते या आजारावरचं एक भरवशाचं औषध आहे. दीड वर्षं ते घेऊन आमची जाऊ चांगली सावरली होती.

संक्रांतीला तिने गोळ्या सोडल्या. माझे दीर महिन्याच्या महिन्याला औषध आणत, ती त्या डब्यात टाकी. रक्ततपासणीला "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणत राहिली. आणि मैत्रिणींनो, खरी फसवणूक पुढेच आहे. पहिले काही महिने काही म्हणता काही झालं नाही! हाताची थरथर थांबली, तोंड कोरडं पडेना, चेहरा तरतरीत दिसू लागला. तिला वाटलं, बघा, उगाचच घेत होतो आपण. औषध सोडल्यादिवशी आजार परत आला असता, तर कुणीच ते सोडलं नसतं. पण तो सावकाश, पावलं न वाजवता येतो. श्रावणात तिची झोप उडाली. रात्री दोन वाजता ती भांडी घासू लागली, उधारीवर सात साड्या घेऊन आली, आणि शेवटी तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. मुलाचा वाढदिवस तिच्याविना गेला. तो सल तिला अजून आहे.

त्या दिवशी माळ्याखाली बसून मी तिला विचारलं, "खरं सांग, का सोडल्यास?" तिने जे सांगितलं, ते ऐकून मला वाटलं की हा तिच्या एकटीचा हट्ट नव्हता. तुमच्याही घरात हे असू शकेल, म्हणून लिहिते.

पहिलं कारण हाताच्या थरथरीचं. पाहुण्यांना चहा देताना कपबशी वाजायची, नि सगळे तिच्या हाताकडे बघायचे. मग वजन, सारखी तहान, रक्त काढायला जाण्याचा कंटाळा. त्यातून आमचं बोलणं. पण सगळ्यांत शेवटी ती जे म्हणाली, ते माझ्या मनाला फार लागलं. "वहिनी, माझं कुणाशी जरा वाजलं, की घरातलं कुणी ना कुणी विचारायचंच, 'आज गोळी घेतलीस ना?' मला खरोखरीचा राग यायचासुद्धा हक्क उरला नव्हता. गोळी दिसली की वाटायचं, ही घेते तोवर मी वेडी."

आहे का आपल्याकडे याला उत्तर?

नंतर आम्ही दोघी तिच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा आणखीही बरंच कळलं. मनाच्या आजारावरच्या सगळ्या गोळ्या एकसारख्या नसतात आणि त्या सोडण्याची कारणंही वेगवेगळी असतात.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. मग बाई म्हणते, "हे औषध मला सोसत नाही," आणि गुण येण्याच्या आतच ते बंद होतं. उलट, बरं वाटू लागलं की कोर्स संपला असं वाटतं. खरं तर पहिल्या खेपेलाही बरं वाटल्यावर निदान सहा महिने ते चालू ठेवायला सांगतात. आणि "या गोळ्यांची सवय लागते" ही भीती? काही झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची लागू शकते, हे खरं. नैराश्यावरच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या एकदम तोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते. म्हणून त्या डॉक्टरांना विचारून उतरवत न्यायच्या.

भास, संशय अशा आजारांवरच्या काही औषधांनी अंग जड होतं, पाय एका जागी ठरत नाहीत, पाळी पुढे जाते, पतिपत्नीच्या संबंधातली इच्छा कमी होते. आता या शेवटच्या दोन गोष्टी आपण बायका डॉक्टरांना कधी सांगतो का? सांगत नाही, मुकाट्याने गोळी बंद करतो. सांगितलं तर गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते, वेळ पुढेमागे करता येते. कुणाकुणाला महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही चालतं. आणि काही रुग्णांना आपण आजारी आहोत हेच पटत नाही. तो हट्ट नसतो, आजाराचाच भाग असतो. तिथे वाद घालून उपयोग नाही. "निदान झोपेसाठी तरी डॉक्टरांना भेटू" असं म्हणून नेता येतं.

मुलीच्या लग्नात आजार लपवला, की ती सासरी गेल्यावर गोळ्या कुठे नि कशा घेणार? मग पहिल्या महिन्यातच त्या सुटतात. दिवस राहिले की तर "बाळाला बाधेल" म्हणून घरचेच एका दिवसात सगळं बंद करतात. काही औषधं खरंच बाळाला बाधतात, व्हॅल्प्रोएट हे त्यांतलं एक. पण त्यासाठी मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं असतं. एकाएकी तोडल्याने आईचा आजार उलटला, तर त्याचाही त्रास बाळालाच होतो.

लिथियमबद्दल आपल्या स्वयंपाकघरातलं एक सांगते. या गोळ्या चालू असताना पाणी आणि मीठ एकदम कमी करायचं नसतं, नाहीतर रक्तातलं औषध धोक्याइतकं वाढतं. तेव्हा हरतालिकेचा निर्जळी उपवास नको, वहिनीने कितीही आग्रह केला तरी! जुलाब-उलट्या झाल्या, हात फार थरथरू लागले, बोलणं अडखळलं, तर लगेच डॉक्टरांना गाठायचं. अंगदुखीवर आयब्युप्रोफेनसारखी गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. रक्त, थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणी ठरल्या वेळी करायची. डबा सापडला म्हणून राहिलेल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करायच्या नाहीत, आणि चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाईही करायची नाही.

आणि औषध सोडणारे काही मनाचेच रुग्ण असतात असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली सांगितलं, की दीर्घकाळच्या आजारांत श्रीमंत देशांतसुद्धा साधारण निम्मेच रुग्ण औषध नेमाने घेतात. आमच्या सासूबाईही रक्तदाबाची गोळी विसरतात. पण त्यांना कुणी "वेडी" म्हणत नाही!

खर्चाने औषध थांबत असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. घरात बोलायला कुणी नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लिहून ठेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गात "अभ्यास केला का?" असं विचारलं, की चाळीसही मुलं "हो बाई" म्हणतात. "कुठे अडलं?" असं विचारलं, की मग वह्या उघडतात. इतकी वर्षं शाळेत जे कळत होतं, ते घरी वापरायचं मला सुचलं नाही. आता मी जावेला "गोळी घेतलीस का?" असं विचारत नाही. "गोळीचा काय त्रास होतोय?" असं विचारते. परवा तिने थरथरीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं. त्यांनी मात्रा थोडी बदलून दिली. कपबशी अजून वाजते, पण पूर्वीइतकी नाही. आणि वाजली तरी आम्ही कुणी बघत नाही.

तिच्या गोळ्या आता माळ्यावर नसतात. स्वयंपाकघराच्या फळीवर, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी, सगळ्यांना दिसतील अशा असतात. सोऱ्याच्या डब्यात आता फक्त सोऱ्या आहे. दिवाळी आली की काढू.

तुम्हीही या आवराआवरीत माळ्यावरचे डबे जरा उघडून बघा. आणि तसं काही सापडलंच, तर रागावण्याआधी तिच्याजवळ घटकाभर बसा.