जरा सरकून घ्या!

विरार लोकलची चौथी सीट आठवा. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. अर्धा बाकावर, अर्धा हवेत, पण घरी पोहोचतो. हॅम रेडिओवाल्यांचंही तसंच आहे. फक्त त्यांचा बाक किलोहर्ट्झमध्ये मोजतात.

गंमत बघा. त्यांचा लाडका ४० मीटर बँड आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण जागा २०० किलोहर्ट्झ. आणि ऑफिसला जाताना तुमच्या कानात वाजणारं एकटं एफएम स्टेशन साधारण १८० किलोहर्ट्झ खातं! एका आरजेच्या 'गुड मॉर्निंग'ला जेवढी जागा लागते, जवळपास तेवढ्यात यांचा अख्खा बँड.

आता इथे माणसं किती बसवणार? वॉकीटॉकीवाला नॅरो एफएम आणला, तर एकाला सुमारे १६ किलोहर्ट्झ. डझनभर आले की गाडी फुल्ल. (वर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर ऐसपैस जागा आहे, तिथे खुशाल एफएम वापरा.) एएमला ६ पुरतात, पण त्यात जुळे भाऊ येतात. दोन साइडबँड, दोघंही तंतोतंत तेच बोलणार. मध्ये कॅरियर नावाची भलीमोठी बॅग. ती स्वतः चकार शब्द बोलत नाही, पण ट्रान्समीटरची दोन तृतीयांश ताकद एकटी गिळते.

मग बॅग उतरवली आणि एका भावाला घरी धाडलं. उरला सिंगल साइडबँड, म्हणजे एसएसबी. हा २.४ ते २.७ किलोहर्ट्झमध्ये अंग चोरून बसतो, सगळी ताकद आवाजावर लावतो आणि तेवढ्याच वॅटमध्ये लांब जातो.

फुकट काहीच नसतं म्हणा. गेलेला कॅरियर ऐकणाऱ्याच्या सेटमध्ये पुन्हा तयार करावा लागतो. ट्यूनिंग शे-दोनशे हर्ट्झ चुकलं की चांगला भारदस्त माणूस डोनाल्ड डकसारखा क्वॅक क्वॅक करतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सेट बिघडलाय असंच वाटलं होतं. शिवाय 'एस' आणि 'एफ'मधला फरक ज्या वरच्या सुरांत असतो, ते या अरुंद फटीतून येतच नाहीत. म्हणून सिएरा, फॉक्सट्रॉट. कॉल सेंटरच्या 'एस फॉर शुगर'चं दुखणंही हेच, फोनची लाइनसुद्धा जुन्या काळापासून ३.४ किलोहर्ट्झवरच कापलेली.

काही हौशी मंडळी मात्र आवाज स्टुडिओसारखा गोड लागावा म्हणून एसएसबीलाच ४-५ किलोहर्ट्झपर्यंत फुगवतात. बँड रिकामा असेल तर करा की राव. पण रविवार सकाळच्या गर्दीत हे म्हणजे चौथ्या सीटवर लॅपटॉप उघडणं.

कारण ही फट कधी लागेल सांगता येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची टीम हौसेखातर अंदमानात रेडिओ लावून बसली होती. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले. पोर्ट ब्लेअरहून कोण सुखरूप आहे, कुणाचा पत्ता नाही, हे निरोप मग याच अरुंद, नाकातून आल्यासारख्या आवाजात मुख्य भूमीवर पोहोचले. एकेक नाव, एकेक अक्षर सुटं करून.