बदली गिअरबॉक्स

जुन्या गाडीचा एखादा मोठा भाग बदलला तर ती गाडी तीच राहते का? इंग्लंडमध्ये जुन्या मोटारींचे शौकीन या प्रश्नावर तासन् तास भांडतात. आपल्याकडे वाड्याचे वासे बदलले, तुळई बदलली, तरी वाडा आजोबांचाच असतो. मला सायकलपलीकडे यंत्रातलं फारसं कळत नाही, जन्म मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेला. पण गेलं वर्षभर हा वाद आमच्याच घरात चालू आहे आणि दोन्ही बाजूंनी माझं मत विचारलं आहे. तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते. नातेवाईकांनी आपल्या बाजूची ओळ तेवढी शोधू नये, सगळं वाचावं!

गाडी आहे एमजीबी, १९७१ सालची, दोन माणसांची, उघड्या टपाची. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या जातीच्या पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. ही कोव्हेंट्रीतल्या माझ्या भाच्याच्या सासऱ्यांची. साठच्या दशकात ते तिकडे नोकरीला गेले, पुढे हौसेनं ही गाडी जुनी विकत घेतली आणि शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं सांभाळली. ते गेल्यावर गाडी लेकीकडे, म्हणजे आमच्या भाचेसुनेकडे आली.

गाडीला पुढचे चार गिअर. चौथ्यात ताशी ७० मैलांनी, म्हणजे साधारण ११२ किलोमीटरच्या वेगानं गेलं की इंजिन मिनिटाला सुमारे ३९०० फेरे घेतं. तिथल्या मोटरवेवर एवढ्याच वेगाची परवानगी आहे आणि बाकी सगळे तेवढ्या वेगानं जातात. सूनबाईची आई ब्रिस्टलला असते. तिथवर जाईस्तोवर कानात घोंघावतं, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. परिणाम काय? गाडी गॅरेजमध्ये चादर पांघरून उभी. त्यात दुसऱ्या गिअरला करकर सुरू झाली. भाचा म्हणाला, गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, तर त्या जागी ओव्हरड्राइव्हवाला बसवू. सूनबाई म्हणाली, बाबांच्या गाडीतलं काही काढायचं नाही.

हा ओव्हरड्राइव्ह मी भाच्याकडून तीन फोनमध्ये समजून घेतला. तुम्हाला एका परिच्छेदात सांगते.

गिअरबॉक्सच्या पाठीमागे आणखी एक डबा असतो. त्यात मध्ये एक दातेरी चाक, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं म्हणजे ग्रह, आणि सगळ्यांना वेढणारं आतून दाते असलेलं कडं. एरवी हे सगळं एकत्र बांधल्यासारखं फिरतं, जितके फेरे आत तितकेच बाहेर. चालकानं बटण दाबलं की विजेवर चालणारं सोलेनॉइड तेलाची वाट उघडतं, तेलाच्या दाबानं एक शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो आणि सूर्याला जागीच धरून ठेवतो. मग ग्रह त्याच्याभोवती पळतात आणि बाहेरचं कडं जास्त वेगानं फिरतं. आत ८२ फेरे, तर बाहेर १००. म्हणजे गाडीचा वेग तोच, पण ३९०० च्या जागी इंजिनाचे सुमारे ३२०० फेरे. दीड तासाच्या प्रवासात ६३ हजार फेरे वाचले. (गणिताच्या बाईंनी तपासून घ्यावं.) शिवाय सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एकाच बाजूनं धरणारी पकडही त्यात असते. म्हणून ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून गाडी मागे घेतली तर आतले भाग एकमेकांविरुद्ध ओढतात आणि डबा फुटू शकतो. ते टाळायला गिअरबॉक्सवर एक कळ असते. या गाडीत ती तिसऱ्या आणि चौथ्या गिअरशिवाय वीज जाऊच देत नाही.

आता वादाकडे येते. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांचं मला पटतं ते इतकंच, की एखादी गाडी फारच दुर्मीळ असेल, कारखान्यातून निघाली तशीच्या तशी उरली असेल, तर तिला हात लावू नये. ती पुराव्यासारखी असते, आणि इतिहास शिकवणारीला पुराव्याची किंमत सांगावी लागत नाही. पण लाखांनी निघालेल्या आणि पन्नास वर्षांत दहा वेळा दुरुस्त झालेल्या गाडीला हा नियम लावणं म्हणजे घरातल्या रोजच्या तांब्याला संग्रहालयातलं भांडं समजणं. सासऱ्यांनी स्वतः तिचे किती भाग बदलले असतील! ते अस्सल आणि जावयानं बदलला तर नकली, असं कसं?

दुसरं म्हणजे, हा ओव्हरड्राइव्ह परका नाही. शेफील्डच्या लेकॉक कंपनीचं, एडगर द नॉर्मनव्हिल यांच्या कल्पनेवर बेतलेलं हे यंत्र एमजीबीला कारखान्यातूनच जास्त पैसे भरून मिळत असे. १९७१ साली ज्यानं गाडी नवी घेतली त्यानं ते पैसे वाचवले, एवढंच. म्हणून फोर्ड सिएराचा पाच गिअरचा डबा बसवण्याचा सल्ला देणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. तोही पुष्कळजण बसवतात आणि चांगला चालतो म्हणे. पण त्यासाठी क्लचवरचं आवरण वेगळं, मागचा शाफ्ट बदलून घ्यायचा, अशी एकातून एक कामं निघतात. घरातलाच पर्याय असताना बाहेरचा कशाला?

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. बदल परत फिरवता आला पाहिजे आणि तो लपवता कामा नये. एमजीबीत नुसता ओव्हरड्राइव्ह मागे जोडता येत नाही, कारण गिअरबॉक्सच्या आतला मुख्य शाफ्टच वेगळा असतो. म्हणून अख्खा डबा बदलावा लागतो. दुरुस्त करून देणारे लोक जुना डबा अदलाबदलीत मागतात. माझं म्हणणं, तो देऊ नका. जास्त पैसे पडले तरी चालतील. जुना डबा तेल पुसून, कापडात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. उद्या नातवाला वाटलं तर तो परत बसवेल. आणि गाडी कधी विकायची वेळ आलीच, तर काय बदललं, कधी बदललं, हे कागदावर लिहून द्या. बदलणं ही फसवणूक नाही. बदलून गप्प बसणं ही फसवणूक.

आम्हा शिक्षकांना 'बदली' शब्द चांगला ठाऊक. बदली शिक्षक आला म्हणून वर्गाची तुकडी बदलत नाही. त्यानं शिकवायला मात्र हवं!

म्हणून बदली डबा घेताना तो कुणी खोलला, आत काय नवं घातलं, हे विचारून घ्यावं. एमजीबीत इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनंच बाहेर काढण्याची रीत आहे. एवढी उचलाउचल पुन्हा पुन्हा होत नाही. तेव्हा क्लचची प्लेट, कार्बनचं रिलीज बेअरिंग, इंजिनाच्या मागच्या टोकाचं तेलाचं सील हे त्याच वेळी बघून घ्यावं. सोलेनॉइड आणि ती कळ डबा बाहेर असतानाच तपासावी, कारण ओव्हरड्राइव्ह चालत नाही अशी तक्रार पुष्कळदा विजेच्या तारांपाशीच संपते. स्पीडोमीटर नव्या डब्याशी जुळतो का, तेही पाहावं. तेल दोन्ही भागांना एकच असतं, ते पुस्तकात सांगितलंय तेच घालावं. ही सगळी यादी भाच्याची. मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

राहता राहिली सूनबाई. तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. तिला डब्याचं काही नाही. गिअरच्या दांड्यावरची गोल मूठ बाबांच्या तळव्यानं घासून गुळगुळीत झाली आहे, तिथे तिचा जीव अडकला आहे. तर ती मूठ नव्या दांड्यावर बसवा की! या गाडीत ओव्हरड्राइव्हचं बटण मुठीत नसून स्टिअरिंगजवळच्या दांडीवर असतं, त्यामुळे अडचण यायला नको. माणसाची आठवण त्याच्या हाताखालच्या वस्तूत राहते, तळाशी तेलात बुडालेल्या चाकांत नाही. आणि बाबांनी ही गाडी चादरीखाली ठेवायला घेतली नव्हती. दर रविवारी तिच्यात बसून ते बाहेर पडत.

माझं मत विचारलंत, ते दिलं. डबा बदला, जुना जपून ठेवा, मूठ तीच राहू द्या, आणि आईला भेटायला त्याच गाडीनं जा.