नेम कोणाचा, पिस्तूल कोणाचे?

अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेले पॉइंट फोर-फाइव्हचे पिस्तूल तिकडच्या नेमबाजी स्पर्धांत वर्षानुवर्षे गाजले. पण ते कारखान्यातून आले तसे नव्हे! चिखल-धुळीत अडकू नये म्हणून सैन्याच्या पिस्तुलाचे भाग सैल बसवलेले असत. बंदूक-कारागीर त्याची नळी नव्याने घट्ट बसवतो, तोंडाशी बुशिंग जुळवतो, स्लाइड आणि सांगाडा यांतली फट काढतो, चाप हलका व साफ करतो. मग पन्नास यार्डांवर गोळ्या जवळजवळ पडू लागतात. नेमबाज तोच, हातही तोच.

आम्ही हे का सांगतो? २००६ साली ओबीसी आरक्षणाविरुद्ध रस्त्यावर झाडू मारून 'निषेध' करणारे भावी डॉक्टर गुणवत्तेचा जप करीत होते. झाडू ज्यांना अपमान वाटतो, त्यांची गुणवत्ता तेथेच कळली! परीक्षा सर्वांना एकच, असे ते म्हणतात. लक्ष्यही सर्वांना एकाच अंतरावर असते. पण घरातली पुस्तके, शिकवण्या, इंग्रजी शाळा, ओळखीपाळखी या कारागिरांनी त्यांचे पिस्तूल आधीच घासूनपुसून दिलेले असते. आमचा मुलगा वस्तीतून सैल पिस्तूल घेऊन येतो आणि तरी नेम साधतो. त्याचे चार गुण कमी पडले तर लायकी कमी कशी?

लक्ष्य जवळ आणा, असे आम्ही कधीच म्हटले नाही. शिष्यवृत्ती वेळेवर द्या, वसतिगृहे नीट चालवा, मग गुणवत्ता मोजा. तोवर आरक्षणाला हात लावू देणार नाही!