सेटअप नव्या तारांवर की जुन्या?

मंडळी, बेस गिटार सेटअपला देताना नव्या तारा चढवायच्या की घासलेल्याच ठेवायच्या? माझं मत सरळ आहे: ज्या तारांवर पुढे वाजवणार, त्यांच्यावरच सेटअप. बहुतेकांसाठी याचा अर्थ नव्या तारा.

कारण बघा. जुन्या तारेचं वेटोळं फ्रेटवर घासून चपटं होतं, फटींत घाम-मळ साचतो. तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही. मग १२व्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात लागत नाही. कारागीर सॅडल सरकवून तो जुळवतो. महिन्याने तुम्ही नवा संच चढवता आणि पुन्हा बेसूर! आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, टेस्टिंग एका मशीनवर आणि प्रॉडक्शन भलत्याच.

"पैसे वाचतात हो!" मान्य. पण शिरूरहून नगर रस्त्याने किंवा दौंडहून रेल्वेने गिटार पुण्याला न्यायची, तर दुसरी खेप आणि बुडालेला दिवस कोण मोजणार?

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मिळालं. तिथेही जवारी काढताना तार चढवून, ऐकून, मग घोडी घासतात. तत्त्व तेच.

अपवाद आहेच. मोटाउनचा जेम्स जेमर्सन तारा सहसा बदलतच नसे. तसा दबका, जाड आवाज हवा असेल तर खुशाल जुन्या तारांवर सेटअप करा, पण मग त्या बदलू नका. आणि नव्या चढवल्यात तर आधी ओढून बसू द्या, पुन्हा सुरात लावा. मगच स्क्रूला हात!