लेबल फाडण्यापूर्वी : बुलढाणा जिल्ह्यातील नागरिकांस जाहीर आवाहन



खरिपाच्या तोंडावर घरोघर माळ्याची व गोठ्याची साफसफाई सुरू होते, आणि वर्षभर कोनाड्यांत साचलेल्या बाटल्या, डबे व पुड्या एकाच गोणीत कोंबून ती गोणी गावाबाहेरच्या उकिरड्यावर, नाल्याच्या काठी अथवा एखाद्या पडक्या विहिरीत रिती केली जाते. आयुष्याची बहुतेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात घालवलेला मनुष्य या नात्याने मला आपणांशी त्या एका गोणीविषयीच बोलावयाचे आहे.

गेल्या वर्षी खामगाव तालुक्यातील एका स्नेह्यांच्या घरी अशी गोणी मी स्वतः उपसली. तीत लेबल निघून गेलेली औषधाची अर्धी बाटली होती, फवारणी पंपाची फुगलेली बॅटरी होती, थिनरचा गंजका डबा होता, ब्लीचिंग पावडरची फाटकी पिशवी होती, आणि अगदी तळाशी, धान्यात ठेवण्याच्या करड्या गोळ्यांची, झाकण सैल झालेली एक नळी होती. गोणी वळचणीला ठेवलेली होती आणि आभाळ भरून आले होते.

या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतील दमटपणा लागताच त्यांतून फॉस्फिन नावाचा वायू सुटू लागतो. तो प्राणघातक आहे आणि ज्वालाग्राहीही आहे. त्यांचा वापर सरकारी व प्रशिक्षित यंत्रणांपुरताच मर्यादित ठेवलेला असताना त्या खेड्यापाड्यांतील घरांत सापडतात, ही गोष्ट मला अत्यंत चिंतेची वाटते. पाण्याने विझते, धुऊन स्वच्छ होते, ही आपली पिढीजात समजूत. परंतु या एका वस्तूच्या बाबतीत पाणी हेच अरिष्टाचे कारण ठरते.

गोणीतील त्या पाच वस्तूंना आपण ‘कचरा’ हे एकच नाव देतो, पण प्रत्येकीचा स्वभाव निराळा आहे, आणि स्वभाव ओळखल्याशिवाय बंदोबस्त करता येत नाही. 1984 साली भोपाळमध्ये वायुगळतीने जो संहार झाला त्यानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, 1989 मध्ये घातक कचऱ्याविषयीचे पहिले नियम झाले, आणि कारखान्यांसाठी असलेले 2016 चे नियम कचरा कोणत्या उद्योगातून निघाला एवढ्यावरच न थांबता त्याचे गुणधर्म कोणते, हेही विचारतात. ज्याची वाफ 60 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानास ठिणगीने पेटते ते द्रव ज्वालाग्राही. घाटाखालच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतील थिनर याच वर्गातला. ज्याचा सामू 2 पर्यंत उतरतो किंवा 12.5 वा त्याहून वर चढतो ते दाहक. बॅटरीतील आम्ल व सराफांचे तेजाब ही त्याची उदाहरणे. पाण्याशी वा अन्य पदार्थाशी संयोग होताच उसळणारे ते अभिक्रियाशील. बॅटरीचे आम्ल ब्लीचिंग पावडरीवर सांडले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि दोन्ही वस्तू त्या गोणीत एकमेकींना टेकून होत्या.

चौथा वर्ग विषारी पदार्थांचा, आणि तो सर्वांत कपटी, कारण तो भडकत नाही, चटका देत नाही, हळूहळू झिरपतो. तो ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत कचऱ्याचा नमुना सौम्य ॲसेटिक आम्लाच्या द्रावणात सुमारे 18 तास घुसळतात आणि त्यात काय उतरले ते मोजतात. एका लिटरमागे 5 मिलिग्रॅम शिसे उतरले की तो कचरा घातक ठरतो. उकिरड्यात पावसाचे पाणी मुरताना जे घडते त्याचेच हे लहानसे प्रतिरूप होय. उन्हाळ्यात आपली काळी जमीन हातभर भेगाळते आणि मृगाचे पहिले पाणी उकिरड्यातले विष घेऊन त्या भेगांतून थेट खाली उतरते. खारपाणपट्ट्यात तर गोड्या पाण्याची आधीच वानवा आहे.

शेतकऱ्याला मात्र विषाच्या तीव्रतेचे वर्गीकरण प्रयोगशाळेविनाही उपलब्ध आहे. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक रंगीत त्रिकोण छापलेला असतो : लाल म्हणजे अतितीव्र विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि शेवटी हिरवा. आपण या द्रव्यास ‘औषध’ म्हणतो, ‘औषध मारायला जातो’ असे म्हणतो, आणि त्या मायाळू शब्दाआड त्रिकोण दिसेनासा होतो. 2017 च्या पावसाळ्यात आपल्याच अमरावती विभागातील यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की, लेबल फाडू नका आणि औषध दुसऱ्या बाटलीत, विशेषतः पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत, ओतू नका. विषबाधा झालीच तर डॉक्टरांना प्रथम ते लेबलच हवे असते. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच घाला, डब्याला भोके पाडा, आणि त्यात पाणी, तेल वा धान्य कदापि भरू नका. डबे धुऱ्यावर पेटवू नका. जुनी बॅटरी फोडू नका, नवी घेताना दुकानदारास परत द्या. गोळ्यांची नळी सापडली तर तीवर पाणी न टाकता दारे-खिडक्या उघडा, मुलाबाळांना दूर न्या आणि सहायक कृषी अधिकाऱ्यास कळवा.

नगरपरिषदांनाही माझे सांगणे आहे. घरगुती घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे, असे 2016 च्याच घनकचरा नियमांत नमूद होते. आपल्या शहरात ते कोठे आहे व केव्हा उघडते, हे नागरिकांनी लेखी अर्ज देऊन विचारावे. खेड्यांतील बांधवांनी 1 मेच्या ग्रामसभेत या कचऱ्यासाठी गावात एक कुलूपबंद, कोरडी, पाण्यापासून दूर अशी जागा मुक्रर करण्याचा ठराव मांडावा. पेरणी सुरू झाल्यावर कोणालाच सवड मिळणार नाही. जे करावयाचे ते पहिला पाऊस पडण्यापूर्वी करा.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षक