डिझेल की हायब्रिड : घरातल्या वृद्धांच्या दृष्टीने

रक्तदाब तपासून झाला, औषधे लिहून झाली, की खुर्चीतून उठता उठता विचारला जाणारा एक प्रश्न हल्ली माझ्या कानी वारंवार येतो. ‘डॉक्टर, आईबाबांसाठी गाडी बदलायची आहे. डिझेल घ्यावी की हायब्रिड?’ यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे मला वाटत नाही. ज्या घरात सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, त्या घरची गाडी मुख्यतः दवाखाना, रक्ततपासणीची प्रयोगशाळा, फिजिओथेरपी, बँक, देऊळ आणि गावातल्याच लेकीचे घर एवढ्या परिघात फिरते. या फेऱ्या तीन-चार किलोमीटरच्या असतात, आणि निवडीचे बरेचसे उत्तर त्यांतच दडलेले असते.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. शोरूममध्ये ‘हायब्रिड’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी दाखवल्या जातात. ‘माइल्ड’ किंवा ‘स्मार्ट’ हायब्रिड गाडीतील छोटी मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. निव्वळ विजेवर ती गाडी चालत नाही. ‘स्ट्राँग’ हायब्रिड मात्र गर्दीत, हळू वेगात, इंजिन बंद ठेवून काही अंतर विजेवर जाते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवते. तिला घरी चार्जिंगला लावावे लागत नाही. पुढील विवेचनात हायब्रिड म्हणजे ही दुसरी. ‘तंत्र नवे आहे, भरवसा कसा ठेवावा?’ असे आजोबा विचारतात. त्यांना एवढेच सांगावे, की टोयोटाची प्रायस ही हायब्रिड गाडी १९९७ साली जपानमध्ये विक्रीस आली.

आता धुराविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात केला. डिझेलच्या काजळीचे बहुतांश कण एका मायक्रोमीटरहूनही लहान असतात. ते नाकात अडकत नाहीत, खोल वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जोडीला असलेले नायट्रोजनचे ऑक्साइड श्वासनलिकांचा दाह वाढवतात. दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेल्या वृद्धांना त्याचा उपद्रव तरुणांपेक्षा लवकर जाणवतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. आपल्या गाडीचा धूर आपल्या फुप्फुसांत फारसा जात नाही. आत बसलेल्याला त्रास होतो तो पुढच्या ट्रकच्या आणि बसच्या धुराचा. त्यासाठी काचा बंद ठेवाव्यात, वर्दळीत एसीची बाहेरची हवा बंद करून आतली हवा फिरती ठेवावी आणि केबिनमधील हवेची गाळणी सर्व्हिसिंगच्या वेळी आठवणीने बदलून घ्यावी. आपल्या गाडीचा धूर जातो तो पार्किंगशेजारच्या तळमजल्यावरील खिडकीत बसलेल्या आजींच्या आणि फाटकावरच्या रखवालदाराच्या छातीत. सकाळी गाडी ‘गरम’ करण्यासाठी दहा मिनिटे चालू ठेवण्याची जुनी सवय अनेक घरांत अजून आहे. आजच्या इंजिनांना तिची गरज नाही.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी आली. तिला डीपीएफ म्हणतात. त्यामुळे नव्या डिझेल गाडीचा धूर पूर्वीसारखा काळाकुट्ट दिसत नाही. परंतु ही गाळणी साठलेली काजळी स्वतःच जाळून टाकते, आणि त्यासाठी आतील तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते. महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एका गतीने गाडी चालली, की हे काम सहज होते. घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर, एवढ्यात ते होत नाही. काजळी साठत जाते, फलकावर दिवा लागतो, आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. ज्येष्ठांच्या घरातील गाडीचा जो नित्यक्रम, तोच डिझेलला सर्वांत न मानवणारा.

उलट हायब्रिडचा गुण नेमका याच अडखळत्या, सिग्नलवर थांबणाऱ्या प्रवासात दिसतो. रुग्णालयाच्या फाटकापाशी आजींना आणण्यासाठी कोणी आत गेले असेल, तर बॅटरीवर एसी चालू राहतो आणि इंजिन अधूनमधूनच सुरू होते. उन्हाळ्यात डायलिसिस आटोपून थकून बाहेर येणाऱ्या माणसाला गार गाडीत बसवता येणे, हे सुख सोबत करणाऱ्यांना ठाऊक आहे. इंजिनाचा थरकाप कमी असल्याने मणक्याच्या दुखण्याचे रुग्णही समाधान व्यक्त करतात. अर्थात पाठीला बसणारे हादरे मुख्यतः रस्ता, टायरमधील हवा आणि चालकाचा पाय यांवर ठरतात. इंधनाला त्याचे फार श्रेय देऊ नये. शिवाय हायब्रिड म्हणजे धूरविरहित नव्हे. शेवटी ते पेट्रोलचेच इंजिन आहे.

पेसमेकर बसवलेल्यांची शंका नेहमीची : एवढ्या मोठ्या बॅटरीवर बसणे सुरक्षित आहे का? हायब्रिड गाडीतील नेहमीच्या प्रवासाने पेसमेकरच्या कार्यात बिघाड होत असल्याचे दिसून आलेले नाही. मात्र किल्ली न लावता बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांत, मग त्या डिझेलच्या का असेनात, दारांजवळ आणि आतील बाजूस छोटे अँटेना असतात. पेसमेकर आणि हे अँटेना यांत अंतर ठेवण्याची सूचना काही कंपन्यांच्या पुस्तिकेत असते. ते सुमारे २२ सेंटिमीटर सांगितलेले आढळते. दाराला छाती टेकवून उभे राहू नये, एवढे पुरे. शंका राहिल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

मला अधिक काळजी वाटते ती हायब्रिडच्या शांतपणाची. पार्किंगमध्ये ती मागून आली, तरी ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना चाहूल लागत नाही. त्याहून गंभीर बाब विसराळूपणाची. आवाज नाही म्हणून गाडी बंद झाली, असे समजून माणूस उतरून जातो. फलकावरचा ‘रेडी’ दिवा तसाच राहतो. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. गाडी बंदिस्त गॅरेजमध्ये असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साठू लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे वृद्धांमध्ये अशक्तपणावर ढकलली जातात. अमेरिकेत किल्लीविना सुरू होणाऱ्या गाड्या अशा चालू राहिल्याने घरातच मृत्यू झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. ज्यांचे स्मरण क्षीण होत आहे, त्यांच्या हाती अशी गाडी देताना घरच्यांनी ‘रेडी’ दिवा स्वतः पाहण्याची शिस्त लावून घ्यावी.

पैशाचा हिशेब थोडक्यात. समजा, शहरात हायब्रिड लिटरला २० आणि डिझेल गाडी १४ किलोमीटर देते. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये धरू. महिन्याला ४०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीत फरक पडतो तो पाचशे रुपयांच्या आतबाहेर. किमतीतली लाखाची तफावत या पाचशेंतून भरून येण्यास सोळा-सतरा वर्षे लागतील. तेव्हा इंधन वाचते म्हणून हायब्रिड घेण्याचे गणित ज्येष्ठांच्या घरात सहसा जमत नाही. घ्यायची तर वर सांगितलेल्या कारणांसाठी घ्यावी. फिरणे याहूनही कमी असेल, तर ओळखीच्या रिक्षावाल्याचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

डिझेल कोणासाठी योग्य? ज्यांचे उपचार तालुक्याच्या गावाहून दीड-दोनशे किलोमीटरवरच्या शहरात चालू आहेत आणि जे आठवड्यातून एकदा तरी तेवढा पल्ला गाठतात, त्यांच्यासाठी. माझ्या परिचयातील एक कुटुंब आईच्या उपचारांसाठी दर आठवड्याला घाट उतरून जाते. त्यांनी डिझेल घेतली तेव्हा मी मुळीच हरकत घेतली नाही.

आणि ज्यांच्या दारात डिझेल गाडी आधीच उभी आहे, त्यांनी हे वाचून ती विकायला काढू नये. पंधरवड्यातून एकदा ती महामार्गावर अर्धा तास चालवून आणावी. नवी घेणाऱ्यांनी शोरूममध्ये जाताना घरातील वृद्धांना, त्यांच्या काठीसह, वॉकरसह आणि असल्यास व्हीलचेअरसह बरोबर न्यावे. आसन त्यांच्या कमरेच्या उंचीचे आहे का, पाय उचलताना उंबरठा आड येतो का, धरायला कडी आहे का, हे त्यांना तीन वेळा बसवून-उतरवून पाहावे. काही हायब्रिड गाड्यांत बॅटरीमुळे डिकी लहान झालेली असते. घडी केलेली व्हीलचेअर तिच्यात प्रत्यक्ष ठेवून पाहावी आणि मगच नोंदणीची रक्कम द्यावी.